राजा निजत नाही

फट्.

एवढंच. पोरीच्या हातावर चापट बसली, आणि मागोमाग अलमेलूचा आवाज, "बोम्मैंना हात लावायचा नाही म्हणून कितीदा सांगायचं गे? कोलू आहे हा. तुझ्या अप्पाचं दुकान नाही." आणि ज्या हातानं मारलं त्याच हातानं अलमेलूनं पोरीच्या ओंजळीत सुंडल घातलं, उकडलेले हरभरे आणि वर किसलेलं खोबरं. तुळजा दारात उभी होती. टेलिफोन एक्स्चेंजमधली दिवसपाळी संपवून मांबलम स्टेशनवरून ती आत्ताच चालत आली होती. एक चप्पल काढून झाली होती, दुसरी पायातच. तो फट् तिच्या कानामागं कुठंतरी जाऊन बसला. दिवसभर कानाला हेडफोन. लोकांचे खोकले, शिव्या, रडणं, सौदे, सगळं कानातून वाहून जातं आणि काही राहत नाही. हा आवाज राहिला. सुंदरी रडली नाही. वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडातली ही लहानगी, तेल चोपडलेल्या दोन घट्ट वेण्या, पावलांपर्यंत परकर. तिनं हाताकडं पाहिलं, मग हरभऱ्यांकडं, आणि ती खाऊ लागली. तुळजाला राग आला तो चापटीचा नाही, या खाण्याचा आला. मार आणि हरभरे एकाच हातातून घ्यायची सवय माणसाला फार लवकर लागते. मग ती जन्मभर सुटत नाही. आपली तरी कुठं सुटली?

नवरात्रात तुळजाच्या भावाच्या आणि भावजय अलमेलूच्या या बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसते. भिंतीला लागून कोलूच्या लाकडी पायऱ्या, त्यांच्यावर पांढरं धोतर, आणि धोतरावर बोम्मै, बाहुल्याच बाहुल्या. वर देव, मग ऋषी, मग तांदूळ-डाळीच्या चिमुकल्या राशी मांडून बसलेले गलेलठ्ठ वाणी-वाणीण, आणि एका कोपऱ्यात मरप्पाची, म्हणजे तांबड्या लाकडाचं ते ठेंगणं जोडपं, अलमेलूला लग्नात आईनं दिलेलं. सगळ्यांत खाली तंजावरचा राजा. कागदाच्या लगद्याचा, डोक्यावर मुकुट, गालांपर्यंत मिशा, बूड गोल आणि त्यात मातीचा जड गोळा. सुंदरीनं बोट लावलं होतं ते त्याला. तो अजून डोलत होता. पोरीला मार बसून, हरभरे मिळून, ते अर्धे खाऊनही झाले, तरी तो आपला डोलतोच आहे, हो म्हणतो की नाही म्हणतो ते कळू न देता. वर्षभर ट्रंकेत, नऊ दिवस पायरीवर, आणि हात लावायचा नाही. मुलांनी यायचं, रांगेत उभं राहायचं, अलमेलू म्हणणार, "एक गाणं म्हण गे कुट्टी," आणि मुलांनी पाठ केलेलं काहीतरी एका श्वासात म्हणून टाकायचं. अर्थ विचारायचा नाही, थांबायचं नाही. मग सुंडल. मग पुढचं घर. त्यात आज सरस्वतीपूजा. पायऱ्यांच्या शेजारच्या पाटावर घरातली सगळी पुस्तकं, तंबोरा, झांजा, मुलांच्या रंगांच्या पेट्यासुद्धा रेशमी वस्त्राखाली झाकून ठेवलेल्या. आज वाचायचं नाही, वाजवायचं नाही, रंगवायचं नाही. कलेच्या देवीचा दिवस, म्हणून कला बंद. हे कुणाच्या डोक्यातून निघालं असेल? नक्कीच सभेच्या एखाद्या अध्यक्षाच्या.

आणि अध्यक्ष समोर बसलेच होते. वेंकोबाराव, सरकारी कचेरीतून सुपरिंटेंडेंट म्हणून निवृत्त झालेले, आमच्या तंजावरी लोकांच्या सभेचे सर्वेसर्वा, घरातल्या एकुलत्या एक खुर्चीत. सगळे त्यांना तात्या म्हणत. भाऊ कृष्णस्वामी त्यांच्याजवळ जमिनीवर बसला होता. ऑफिसात साहेबासमोर बसतो तसाच, गुडघे जुळवून.

"या तुळजाबाई," वेंकोबाराव म्हणाले. "तुमच्याविषयीच बोलत होतो. काय म्हणते तुमची शाळा?"

"शाळा नाही ती, तात्या."

"तेच तर! शाळा नाही, गाण्याचा पाट्टु क्लास नाही. मग आहे तरी काय? सुब्बाचा बाप मला सांगत होता, मुलं कथा रचतात म्हणे. राक्षसाला रेल्वेत बसवतात."

"एग्मोरला चढतो तो. मांबलमला उतरतो."

"कसाला?"

"इथं डास जास्त आहेत. रक्त पिण्यात त्याला कोणी जोडीदार हवा होता."

स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या बायकांतली कुणीतरी फिसकन हसली. वेंकोबारावांनी चष्मा काढून पुसला. चिडले की ते चष्मा पुसतात, सगळ्या सभेला ठाऊक आहे. "आणि तमिळमध्ये सांगतात म्हणे, अर्धं. कोण आहोत आपण? आपले पूर्वज इथं राज्य करायला आले. दरबारात मराठी, कथेत मराठी, हिशेबात मराठी. आणि तुम्ही मुलांना ही खिचडी शिकवता!"

याच वेंकोबारावांचे नातू घरात इंग्रजी बोलतात आणि त्यांना ते भूषण वाटतं. यांची शुद्ध मराठी फक्त लग्नाच्या पत्रिकेत आणि अध्यक्षीय भाषणात उरलेली. मुंबईहून बदली होऊन आलेले नवे लोक आपलं बोलणं ऐकून तोंडाला रुमाल लावून हसतात, त्यांच्यापुढं मात्र हे सगळे राज्यकर्ते गप्प. तुळजानं दुसरी चप्पल काढली. कृष्णस्वामी तिच्यामागं माजघरापर्यंत आला आणि हळू म्हणाला, "अक्का, उद्या विजयादशमी. बाहुली निजवायला तात्या पुन्हा येणार. सभेच्या मास्तरांनी बसवलेली अंगाई मुलांनी नीट म्हटली तर ठीक. काही वेडंवाकडं झालं, तर तुझं शनिवारचं बंद. मला लोकांत तोंड दाखवायचं आहे." आणि जरा थांबून, "घर माझं आहे," असं म्हणाला. हे त्याला म्हणावं लागलं याचंच तिला नवल वाटलं. घर कुणाचं हे ती कधी विसरली होती?

हात-पाय धुताना, विहिरीचा दोर ओढताना, जेवताना, आडवं पडल्यावर, तो फट् कानामागं वाजतच होता, आणि त्याच्यामागून दुसरा एक आवाज वर येत होता, झांजेचा. तिच्या वडिलांच्या, अप्पांच्या कीर्तनातल्या झांजेचा. चंद्रमौळी भागवतर म्हटलं की तंजावरच्या चारी वीथींत माणसं जागा धरून बसत. अप्पा कथेला उभे राहिले की समोर सगळे तमिळ, मराठीचं अक्षर कुणाला कळत नसे, तरी साकी लागली की माना डोलत, दिंडी लागली की बायका पदर सावरून पुढं सरकत. ती साकी नुसती समजायची नसते, ती अंगात शिरते. मागं झांज धरून उभी असायची तुळजा. तिचा ताल कधी चुकला नाही. अप्पा मान न वळवता नुसता डावा खांदा किंचित उडवत आणि तिला कळे, आता लय वाढणार. त्या उडालेल्या खांद्यासारखं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही. मग एक दिवस आईनं तिच्या हातातून झांजा काढून घेतल्या आणि तिला वाटणाच्या दगडी कुंडापुढं बसवलं. मोठी झालीस. आता दाराआडून ऐक. झांजा कृष्णस्वामीच्या हातात गेल्या. तो झांज अशी वाजवी की वाटे, तळहातावरची माशी मारतोय. अप्पांचा खांदा उडे आणि मागं काहीच होत नसे.

दार सागवानी होतं, जाड. पलीकडून युद्ध ऐकू येई, राजाची गर्जना ऐकू येई, लोकांचं हसणं ऐकू येई. पण अप्पांची खरी कमाई मऊ जागांत होती. राणी वनात एकटी उरली की अप्पा आवाज खाली आणत, खाली, आणखी खाली, आणि समोरची माणसं श्वास धरत. नेमकी तीच जागा दार गिळून टाकी. कुंडातला वरवंटा फिरवत तुळजा वाट बघे. पलीकडं शांतता. मग एकाएकी हुंदके. काय बोलली असेल राणी? काय बोलली म्हणून एवढे रडले? विचारायची सोय नव्हती. मग तिनं स्वतःच राणीला बोलायला लावलं. तांदूळ भिजलेले, हात कोपरापर्यंत पांढरे, वरवंट्याची घरघर हाच ताल, त्या तालावर राणी बोलू लागली. एका कथेत एक मऊ जागा, दुसऱ्या कथेत दुसरी. सगळ्या भोकांना तिनं आपल्या हातानं ठिगळं लावली. ही ठिगळं आहेत, खरं कापड पलीकडं आहे, असं ती वर्षानुवर्षं समजत होती. तंजावर सुटलं, मद्रास आलं, लग्न जमता जमता राहिलं, नोकरी लागली, अप्पा याच मांबलमच्या घरात खाटेला खिळले. शेवटच्या दिवसांत ते कथा पुटपुटत. तुळजा उशाशी बसे, मध्ये दार नव्हतं. एका दुपारी ती जागा आली. राणी वनात एकटी. अप्पांचा आवाज खाली आला आणि तुळजानं कान त्यांच्या ओठांपाशी नेला. कमलनयना. चंद्रवदना. गजगामिनी. विशेषणांची माळ, दुसरं काही नाही. राणी काही बोलतच नव्हती! एवढ्यासाठी लोक रडत होते? ती आधी खूप हसली, इतकी की अलमेलू धावत आली. मग तिला संताप आला. जन्मभर ज्याला ती ठिगळं समजत होती ते कापड होतं. पलीकडं भोक होतं.

त्याच्या पुढच्या शनिवारी तिनं मागच्या पडवीत पहिली मुलं गोळा केली. काय करायचं हे तिला ठाऊक नव्हतं. काय करायचं नाही हे पक्कं ठाऊक होतं. पाठ करायचं नाही. रांग लावायची नाही. रांगोळीच्या पिठानं मुलं विहिरीच्या कट्ट्यावर गोष्ट काढत, हळद आणि कोळशानं ती रंगवत, आणि शेवटी स्वतःच पाणी ओतून पुसून टाकत. म्हणजे पुढच्या खेपेला नवी काढावी लागे. आणि नियम एकच होता, झांजेचा. झांजा ज्याच्या हातात, गोष्ट त्याची. तो बोलेस्तोवर कुणी मध्ये तोंड घालायचं नाही, तुळजाअत्यानंसुद्धा नाही. तमिळ येऊ दे, मराठी येऊ दे, नुसता आवाज येऊ दे. त्याचं झालं की त्यानं एकदा झांज वाजवायची आणि पुढच्याला द्यायची. राक्षस याच नियमानं रेल्वेत चढला. सुब्बानं चढवला, आणि उतरवायची वेळ आली तेव्हा झांजा दुसऱ्याच्या हातात गेल्या होत्या. फक्त सुंदरीची झांज कधी वाजली नव्हती. तिच्याकडं आली की ती दोन्ही झांजा मांडीवर घेई, त्यांत आपलं तोंड बघे, आणि आवाज होऊ न देता पुढं सरकवी. सुब्बानं एकदा तिला मुकी म्हटलं तेव्हा तुळजानं त्याला पडवीतून हाकलला होता. जी मुलं बोलत नाहीत ती काहीतरी ऐकत असतात. हे ती पुस्तकात वाचून शिकली नव्हती.

सकाळी विजयादशमी. पूजा उठली, वस्त्र निघालं, वेंकोबारावांच्या सर्वांत धाकट्या नातवाला तांदळाच्या ताटात पहिलं अक्षर गिरवायला बसवलं. बोट वेंकोबारावांनीच धरलं होतं आणि अक्षरही त्यांनीच काढलं, पोरगं नुसतं रडत होतं. तुळजानं झांजा उचलून आपल्या पिशवीत टाकल्या आणि ती ड्यूटीवर गेली. दिवसभर बोर्डापुढं बसून ती तेच चार शब्द बोलत राहिली, जे बोलायला तिला ठेवलं होतं. नंबर काय, थांबा, लाइन बिझी आहे, बोला. बोला! दिवसभर ती साऱ्या मद्रासला बोला म्हणते, आणि सारं मद्रास बोलतं, आणि ती मधल्या दोरीसारखी लोंबकळत असते. आज प्रत्येक 'बोला' म्हणताना तिला आपला शनिवार आठवत होता. शनिवार बंद झाला तर काय उरेल? नोकरी उरेल. भावाचं घर उरेल. वेळेवर जेवण उरेल. म्हणजे दार उरेल, आणि पलीकडं ती. या खेपेला तर कुंडही नाही, मिक्सर घ्यायचं अलमेलूच्या मनात आहे. शेजारच्या खुर्चीवरची अँग्लो-इंडियन पोरगी म्हणाली, "आज तुझी तब्येत बरी नाही का?" तुळजा म्हणाली, "फार बरी आहे." आणि हे खरं होतं. रागानं तिला तरतरी आली होती.

दिवेलागणीला ती पोचली तेव्हा खोली भरली होती. मुलं पायऱ्यांसमोर ओळीनं बसवलेली, धुतलेली, विंचरलेली, जणू तीच कोलूची खालची पायरी. अंगाईचा सराव एकदा झाला होता, कृष्णस्वामीच्या चेहऱ्यावर समाधान होतं. अलमेलूनं आरतीचं ताट लावलं आणि रिवाजाप्रमाणं मरप्पाचीला हात घातला. दरसाल विजयादशमीच्या संध्याकाळी एक बाहुली आडवी करून निजवायची की कोलू संपला. या घरी ते लाकडी जोडपंच निजतं.

"थांबा," वेंकोबाराव म्हणाले. "दरसाल काय ती लाकडं निजवता? आपण तंजावरची मंडळी. मान राजाचा. राजाला निजवा."

"वा, तात्या!" कृष्णस्वामी म्हणाला. "सुचलं नव्हतं हो कधी."

पुरुषांनी माना डोलावल्या. अलमेलूनं मरप्पाचीवरचा हात काढला. दरसाल ट्रंकेतून काढून त्या राजाला पुसत होती ती. तिला ठाऊक होतं. खोलीत तिला आणि सुंदरीला, दोघींनाच ठाऊक होतं, कारण हात दोघींनीच लावला होता. वेंकोबाराव उठले, त्यांनी आदरानं राजाला उचलला, रेशमी गादीवर आडवा ठेवला, आणि मुलांकडं बघून बोट हलवलं. मुलांनी सुरुवात केली, सपाट, एका सुरात, मास्तरांनी सांगितल्याप्रमाणं.

राजा उठला.

वेंकोबारावांनी त्याला पुन्हा आडवा केला. राजा पुन्हा उठला, या वेळी जोरात, आणि पुढं-मागं डोलू लागला. अंगाईत कुठंतरी एक हुंदका आल्यासारखा झाला. तो हुंदका नव्हता, सुब्बा होता. "म्हणा, म्हणा," वेंकोबाराव म्हणाले आणि त्यांनी एक बोट राजाच्या मुकुटावर ठेवून त्याला दाबून धरला. कमरेत वाकलेले, धोतराचा सोगा सुटत आलेला, आमच्या सभेचे अध्यक्ष आमच्या राजाला निजवत होते आणि राजा बोटाखाली थरथरत होता. मुलं ओठ चावत गात होती. मग बोट घसरलं. राजा असा उसळला की त्याच्या डोक्याचा ठोका वेंकोबारावांच्या चष्म्याला लागला, आणि अंगाई फुटली. सगळी मुलं हसली. पोट धरून, एकमेकांच्या अंगावर पडत.

"हेच वळण?" वेंकोबाराव ओरडले. "कृष्णस्वामी, हेच शिकवतात इथं?"

कृष्णस्वामीनं मान वर केली आणि खोलीभर नजर फिरवून तुळजाला शोधलं. ती त्याला सापडली, आणि तेव्हाच तिलाही कळलं ती कुठं उभी आहे. स्वयंपाकघराच्या दाराआड. कुणी सांगितलं नव्हतं. एवढी मोठी खोली सोडून तिचे पाय आपणहून तिथं जाऊन उभे राहिले होते. भावाच्या डोळ्यांत लिहिलं होतं, गप्प कर त्यांना, अजून वेळ आहे. तिनं एकदा डोळे वटारले असते तर मुलं गप्प झाली असती, तिला ते ठाऊक होतं. मुलं तिचं ऐकत. म्हणजे तिनं त्यांना मारायचं आणि हरभरे द्यायचे, एवढंच राहिलं होतं. फट्, कानामागं वाजलं. तिनं पिशवीत हात घातला, दारातून बाहेर आली, मुलांच्या आणि राजाच्या मध्ये जी मोकळी जागा होती तिथपर्यंत चालत गेली, आणि झांजांची जोडी जमिनीवर ठेवली. मुलं हसायची थांबली. धाकदपटशानं नव्हे, नियमानं.

झांजा सुब्बा उचलील असं सगळ्यांना वाटलं, सुब्बालाही वाटलं. त्यानं हात पुढं केला तोवर सुंदरीनं त्या उचलल्या होत्या. मांडीवर घेतल्या. त्यांत तोंड पाहिलं. तुळजाला वाटलं, आता सरकवील. आता पुढं सरकवील.

"एक राजा होता," सुंदरी म्हणाली.

आवाज घोगरा होता, न वापरलेला. "त्याला निजायचं नव्हतं. राणी म्हणाली, नीज. तो उठला. वैद्यर आला, म्हणाला, औषध घे, नीज. उठला. मोठे मोठे तात्या आले, त्यांनी डोक्यावर बोट ठेवलं."

वेंकोबारावांनी अजून पुढं असलेलं बोट मागं घेतलं.

"सगळे त्याला खाली ढकलतात. का उठतो, कोणी विचारत नाही."

"का उठतो?" सुब्बाच्या तोंडून निघून गेलं.

सुंदरीनं झांजा वर करून त्याला दाखवल्या. सुब्बानं स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. "त्याच्या घरात एका मुलीला मारलं," ती म्हणाली. "फट्. ती रडली नाही. म्हणून राजाला काय झालं ते कळलं नाही. पण झोप येईना. मग त्यानं सगळ्यांना सांगितलं, सरी, आता मी निजणार नाही. ती मुलगी कुठं आहे? तिला बोलवा. मुलगी आली. राजानं विचारलं, कुठं लागलं? तिनं दाखवलं." आणि सुंदरीनं हात पुढं केला, तळवा खाली, मागची बाजू वर. कुणाकडं बोट दाखवलं नाही. हात नुसता सगळ्यांसमोर धरून ठेवला. मग तिनं झांज वाजवली, एकदाच, खणखणीत, आणि वळून ती जोडी तुळजाला दिली.

अत्याला! इतक्या शनिवारांत मुलांनी झांज अत्याकडं कधी दिली नव्हती. ती नियम सांगणारी होती, गोष्ट सांगणारी नव्हती. असं तिनंच केलं होतं, आणि मुलांना ते पटलं होतं, एकीला सोडून. पितळ पोरीच्या हातानं गरम झालेलं. तुळजाला कळलं की तिच्या हातात आता गोष्ट आहे आणि या घरात, या बैठकीच्या खोलीत, पुरुषांच्या समोर, झांज वाजेस्तोवर तिला कुणी थांबवू शकत नाही. तिनं डावा खांदा उडवला. स्वतःलाच. आणि साकी लावली. अप्पांची चाल, अप्पांची लय, आणि शब्द त्या राणीचे, जी अप्पांच्या कथेत मुकी होती:

*दार मीट रे, घाल कडी रे, शब्द थांबतो काय?*
*भिंतीमधुनी पाझर फुटतो, भिजती माझे पाय.*

पहिल्या ओळीला आवाज चिरकला. चिरकू दे. दुसऱ्या ओळीला तो मोकळा झाला, आणि तिसऱ्यांदा लावली तेव्हा मुलांनी उचलली. त्यांना कुणी शिकवली नव्हती, पाठ नव्हती, तरी उचलली, कुणी वर, कुणी खाली, सुब्बा भलतीकडंच. तुळजा मऊ जागेवर आली, पण तिनं आवाज खाली आणला नाही. अप्पा आणत. ती वर घेऊन गेली. खिडकीबाहेर गल्लीत माणसं थांबली, कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली. तिला दिसत होतं, कृष्णस्वामीची बोटं गुडघ्यावर ताल धरताहेत, चुकीच्या जागी, नेहमीप्रमाणं, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय. त्याला ती साकी आठवत होती. अप्पांच्या मागं उभं राहून त्याच साकीवर माशा मारल्या होत्या त्यानं. चालीवरून ओळख पटली आणि शब्दांवरून पटेना, असं काहीतरी त्याच्या तोंडावर चाललं होतं, आणि तुळजाला त्याची कीव आली नाही, रागही आला नाही. ती गात होती. तिला वेळ नव्हता.

झांज वाजली तेव्हा पहिली हलली अलमेलू. तिनं आरतीचं ताट खाली ठेवलं, पायऱ्यांशी गेली, राजाला उचलला आणि सुंदरीच्या त्याच हातात दिला. "धर," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच खेकसल्यासारखा. "घाबरू नको गे. पडला तरी उठतो हा, मला ठाऊक आहे." मग दाराशी उभ्या बायांकडं वळून, "शनिवारी सगळ्यांना पाठवा. सुंडल मी करते."

"पण तात्या काय म्हणतील..." कृष्णस्वामीनं नाक पुसत सुरुवात केली.

"त्यांनाच विचारू," तुळजा म्हणाली. झांजा अजून तिच्या हातात होत्या. पुढच्याला द्यायच्या, हा नियम. ती खुर्चीपर्यंत गेली आणि तिनं त्या वेंकोबारावांच्या मांडीवर ठेवल्या. मुलं आधीच सरकून खुर्चीभोवती गोल करून बसली होती. रांग कधी मोडली कुणाला कळलं नाही.

वेंकोबाराव झांजांकडं बघत राहिले. चष्मा नाकावर तिरका होता, पुसायचं त्यांना सुचलं नाही. "मला... मला गोष्ट येत नाही," ते म्हणाले. "मी भाषण करतो."

"मला पण येत नव्हती," सुंदरी म्हणाली. राजा तिच्या मांडीवर डोलत होता.

झांजा त्यांच्या हातात होत्या, वेळ त्यांचा होता. मग त्यांनी झांजांच्या कडेवरून बोट फिरवलं. "एक मुलगा होता," ते म्हणाले. राज्यकर्त्याच्या मराठीत नाही, घरातल्या. "कुंभकोणमला. त्याला मृदंग पाहिजे होता. त्याचा अप्पा म्हणाला..." आणि त्यांचा आवाज खाली गेला, खाली, आणखी खाली, आणि ओठ नुसते हलू लागले.

सुंदरीनं मागं वळून पाहिलं, स्वयंपाकघराच्या दाराकडं, जिथं बायका एकमेकींच्या खांद्यांवरून माना उंच करून उभ्या होत्या. मग ती पुन्हा वळली.

"मोठ्यानं सांगा, तात्या," ती म्हणाली. "दाराआड ऐकू येत नाही."